पत्ता हीसुद्धा अमानत

गेल्या वर्षी फी-सवलतीचे पत्र आम्ही चाळीस पालकांना एकाच ईमेलने पाठवले. सगळे पत्ते 'टू'च्या रकान्यात होते. संध्याकाळी एका आईचा फोन आला, "सर, आमची अडचण आता चाळीस घरांना कळली." आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही माफी मागितली, पण गेलेले पत्र परत येत नाही.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. २०१५ मध्ये लंडनच्या एका एचआयव्ही दवाखान्याने ७८१ जणांना वार्तापत्र पाठवले आणि सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले. त्यांतल्या ७३० पत्त्यांत पूर्ण नावे होती. पुढच्या वर्षी संबंधित रुग्णालय ट्रस्टला १ लाख ८० हजार पौंड दंड झाला.

उपाय सोपा आहे. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता लिहावा, बाकीचे सर्व 'बीसीसी'मध्ये टाकावेत. पत्र प्रत्येकाला मिळते, पण आणखी कोणाला गेले ते दिसत नाही. 'सीसी'मध्ये मात्र सारे उघडे राहतात. मोबाईलवर जीमेलमध्ये 'टू'शेजारचा बाण दाबला की 'बीसीसी' दिसते. सोबत नावांची यादी जोडली असेल, तर 'बीसीसी'चा काही उपयोग नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जकात, शिष्यवृत्ती, औषधोपचाराची मदत वाटणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवे. या हाताचे त्या हाताला कळू नये म्हणतो, मग घेणाऱ्याचे नाव गावभर का व्हावे? आता आमच्याकडे पत्र पाठवण्यापूर्वी दुसरा शिक्षक रकाने तपासतो. एक मिनिट लागते, एका घराची इज्जत राहते.