मनगटावरचा आकडा किती खरा?

शनिवारी सकाळी रांचो सॅन अँटोनिओला गेलात, की पळणाऱ्या बहुतेकांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसतं. ॲपलचं मुख्यालय आपल्या क्युपर्टिनोतच, त्यामुळे इथे या घड्याळाचं कौतुक जरा जास्तच. तुम्हीही हौसेने पळत असाल, तर त्याच्या कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं ते आज बघू.

घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून नाडी मोजतात. एका लयीत पळताना हे छान जमतं. पट्टा सैल असला, थंडी असली किंवा डंबेल घट्ट धरलं, की आकडा भरकटतो. तिथे छातीवर बांधायचा पट्टा बरा.

कॅलरींचं मात्र विसराच. शेजारच्या स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरची ७ उपकरणं तपासली. त्यातल्या ६ उपकरणांच्या नाडीत ५ टक्क्यांपेक्षा कमी चूक निघाली, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. तेव्हा ‘आज सहाशे जळल्या’ म्हणून जास्तीची पुरणपोळी घेऊ नका. घ्यायचीच तर सणाच्या नावाने घ्या!

खरा उपयोग आहे तो विश्रांतीच्या वेळच्या नाडीचा. आम्ही कन्सल्टिंगवाले एका दिवसाच्या विक्रीवरून कंपनीचं भविष्य सांगत नाही, तिमाहीचा कल बघतो. इथेही तसंच. ही नाडी सलग चार-पाच दिवस चढी राहिली, तर झोप कमी पडतेय का, सराव जास्त होतोय का, अंगात ताप आहे का, ते बघा.

आता काळजीचा मुद्दा. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा धोका जास्त, आणि तोही कमी वयात. माउंटन व्ह्यूच्या एल कॅमिनो हॉस्पिटलमध्ये त्यासाठी खास साउथ एशियन हार्ट सेंटर आहे. घड्याळ अनियमित ठोक्यांची सूचना देतं, ईसीजीही काढतं, पण तो एका लीडचा. दवाखान्यातला बारा लीडचा असतो. धमनीतला अडथळा घड्याळाला दिसत नाही. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, हे ॲपल स्वतःच सांगतं.

म्हणून चढावर छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर घड्याळात सगळं ठीक दिसतंय म्हणून उरलेला मैल पुरा करू नका. थांबा, ९११ लावा. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना घड्याळातले आलेख दाखवाल, तेव्हा वडिलांना, काकांना, मामांना कितव्या वर्षी हृदयाचा त्रास झाला तेही सांगा. ते घड्याळात नोंदलेलं नसतं.