माशीला आवतण कोण धाडतं?

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पिवळं पडलं, पंचनामे झाले, हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर कोणतं औषध किती मिली मारायचं तेही छापून आलं. पण माशी नेमकी कोणत्या झाडावर जाऊन बसते आणि का, हे कुणी विचारलं नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच वाटतो.

पुण्याजवळच्या माणमध्ये आयटी कंपन्यांच्या इमारती शेताच्या बांधापर्यंत आल्या आहेत, तरी भेंडीचे काही वाफे अजून टिकून आहेत. तिथल्या एक आजी केवडा पडलेलं, म्हणजे शिरा पिवळ्या झालेलं झाड दिसलं की लगेच उपटतात. घरचे म्हणतात, चार भेंड्या तरी निघू द्या. आजींचं उत्तर ठरलेलं : "पिवळं झाड माशीला लांबून दिसतं बाबा."

आजी बरोबर आहेत. पिवळ्या रंगाकडे पांढरी माशी खेचली जाते, म्हणून तर आपण शेतात पिवळे चिकट सापळे लावतो. झाडाच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणू तेच काम करत असेल, तर ते झाड म्हणजे सापळ्याच्या अगदी उलट. तिथे माशी अडकून मरत नाही, रोग घेऊन पुढे जाते.

भेंडीच्या केवड्याची पहिली नोंद 1924 सालची, मुंबई इलाख्यातली, कुलकर्णी यांची. हा रोग विषाणूचा आहे, हे 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी दाखवलं. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, हे कपूर आणि वर्मा यांनी 1950 मध्ये सिद्ध केलं. हे इतकं मोठं काम आपल्याच मातीतलं, आणि आपल्याकडे त्याची आठवणही कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचा धागा अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात सापडतो. 2012 मध्ये तिथल्या संशोधकांनी गव्हावरच्या माव्यासमोर निरोगी आणि रोगट अशी दोन्ही रोपं ठेवली. अंगात विषाणू नसलेला मावा रोगट रोपाकडे गेला. मग त्यांनी माव्याला कृत्रिम खाद्यातून विषाणू दिला. आता तोच मावा निरोगी रोपाकडे वळला! म्हणजे रोग घ्यायला आजाऱ्याकडे जायचं आणि द्यायला धडधाकटाकडे. टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीतही असंच वागणं दिसलं आहे.

केळीवर हरण्या रोग आणणारा काकडी मोझॅक विषाणू आणखी वेगळी चाल खेळतो. भोपळावर्गातल्या पिकावर झालेल्या 2010 च्या अभ्यासात रोगट झाडांचा गंध माव्याला खेचून घेताना दिसला. रस मात्र बेचव. मावा सोंड खुपसतो, चव घेतो आणि निघून जातो. विषाणू सोंडेला चिकटायला तेवढी चाखणी पुरते. औषधाने मावा मरेपर्यंत तो शेजारच्या झाडाला रोग देऊन मोकळा झालेला असतो, म्हणून निव्वळ फवारणीने हा रोग आटोक्यात येत नाही.

बुरशीही यात मागे नाही. ब्राझीलमध्ये उसावरच्या फ्युजॅरियम बुरशीचा अभ्यास झाला आहे. याच कुळातली बुरशी आपल्या उसावर पोक्का बोंग रोग आणते. तिथे खोडकिडीचे निरोगी पतंग बुरशी लागलेल्या उसावर अंडी घालायला येतात. बुरशी बाळगणारी मादी मात्र निरोगी ऊस निवडते, आणि तिच्या पिलांतही बुरशी उतरते.

इतकं हाती असताना आपले सल्ले बाटलीपासूनच का सुरू होतात? पहिल्या काही आठवड्यांत शेतात फिरून रोगट रोप उपटणं, बांधावरचं यजमान तण काढणं हे सल्ल्यात शेवटी, एका ओळीत येतं. ते पहिल्या ओळीत यायला हवं. आणि त्यासाठी लागणाऱ्या मजुरीचा हिशेब नुकसानभरपाईइतक्याच गांभीर्याने मांडायला हवा.

माणच्या आजी झाड उपटण्याचं काम सकाळी उजाडताच करतात. गारव्यात माशी सुस्त असते. झाड न हलवता हळूच पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, मग उपटायचं.