म्हैस पान्हवते तेव्हा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर कधी उभं राहिलात, तर धार काढण्याआधीची दोन मिनिटं नीट बघा. गवळी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतो, तिच्याशी काहीतरी पुटपुटतो, मग खाली बसून कास धुतो आणि सडांवरून बोटं फिरवत राहतो. चरवीत अजून थेंब नाही. ग्लासाची वाट बघणारी गिऱ्हाईकं निवांत उभी. मग एकाएकी सड तटतटून येतात आणि पहिली धार चरवीच्या तळाशी वाजते. "पान्हवली," शेजारचा माणूस म्हणतो. मी एकदा फोटो काढायला जरा जास्तच पुढे वाकले, तेव्हा गवळी मान न वळवता म्हणाला, "मागं सरा जरा. नवं माणूस बघून बुजती ती. पान्हा चोरंल."

पान्हा चोरणं हा शब्द लहानपणापासून कानावर होता. जनावराच्या सोबतीनं माणसाचं मन का निवतं, याचं उत्तर त्याच शब्दात आहे, हे मात्र फार उशिरा उमगलं.

म्हशीच्या कासेत दूध तयार असतं, पण ते बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत थोडं दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीच्या कासेत तेही फारच कमी. त्यामुळे नुसतं ओढून काही हाती लागत नाही. सडांना झालेला स्पर्श, रेडकाचा वास, ओळखीचा आवाज यांची वर्दी मेंदूला जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्याशा ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते कासेत पोचलं की पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली येतं. हाच पान्हा. म्हैस घाबरली तर अ‍ॅड्रिनलिन आडवं येतं आणि भरल्या कासेची म्हैस कोरडी राहते.

हे ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची इवलीशी माळ. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ती प्रयोगशाळेत ओवून दाखवली आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आणि आता खरं नवल. म्हशीच्या रक्तातली ही माळ, तुमच्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याच्या रक्तातली आणि तुमच्या स्वतःच्या रक्तातली माळ अगदी एकच आहे. नऊच्या नऊ मणी, त्याच क्रमानं. बाळंतिणीला कळा आणणारं, तिला दूध उतरवणारं, बाळाला छातीशी धरल्यावर तिचं भय कमी करणारं रसायन हेच.

2015 मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री आणि त्यांचे मालक यांना अर्धा तास एका खोलीत एकत्र ठेवलं. आधी आणि नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. जी कुत्री मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिली, त्यांच्या मालकांमध्ये ते वाढलं आणि त्या कुत्र्यांमध्येही वाढलं. माणसांनी लहानपणापासून सांभाळलेल्या लांडग्यांत असं काही दिसलं नाही. म्हणजे हजारो वर्षं आपल्या उंबऱ्यात राहून कुत्र्यानं आई आणि बाळाच्या नजरेतली वाट आपलीशी केली. ओढ लावणारी नजर, नजरेनं वाढणारी ओढ. मला तर वाटतं, आपल्यालाही पान्हा फुटतो. फक्त तो चरवीत वाजत नाही.

अमेरिकेत 2019 मध्ये वॉशिंग्टन राज्य विद्यापीठानं विद्यार्थ्यांना दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळू दिलं. तेवढ्यानंही त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. दहा मिनिटं! चहा गार व्हायलाही तेवढा वेळ लागतो.

पण रक्तात आलेलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत विरूनही जातं. उरलेल्या दिवसाचं काय? तिथं जनावराची भूक कामाला येते. आमच्या शेजारचे काका गेले, तेव्हा काकूंनी अंथरूण धरलं होतं. कुणी काही सांगायला गेलं की त्या भिंतीकडे तोंड वळवायच्या. दारातलं गावठी कुत्रं मात्र ठरल्या वेळी जर्मनची ताटली नाकानं फरशीवरून ढकलत आणायचं. तो आवाज ऐकून त्या उठायच्या. भाकरी कुस्करायची तर आधी थापायला हवी, थापायची तर चूल पेटवायला हवी, आणि मग एक भाकरी स्वतःलाही व्हायची. नैराश्य आलेल्या माणसाला सकाळ उजाडलेली नकोशी वाटते. ज्याच्या दाव्याला जनावर आहे, त्याला ती टाळताच येत नाही. जनावराची सोबत औषधाच्या जागी चालणार नाही, डॉक्टरांकडे जायचं तर जायलाच हवं. पण औषध घ्यायला उठवणारं कुणीतरी लागतंच.

ही ओढ किती घट्ट, ते पुरात दिसलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांवर गेली. तेव्हा नदीकाठच्या गावांत जनावरं सोडून बोटीत बसायला अनेकजण तयार नव्हते. बाहेरच्यांना तो हट्ट वाटला. पण गोठ्यात पाणी शिरताना दावं सोडायचं, की आपण बोटीत चढायचं, हा प्रश्न ज्याच्यावर आला त्याला विचारा.

ही ओढ दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून तिच्यासोबत आपल्यावर जबाबदारीही येते. जुलै 2025 मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातला गेली, तेव्हा सारा जिल्हा रडला. ते अश्रू खरे होते. तिच्या प्रकृतीविषयी आणि मनःस्थितीविषयी न्यायालयात मांडलेल्या प्रश्नांकडेही मला पाठ फिरवता येत नाही. मन आपल्याला आहे तसं तिलाही आहे. घाबरलेलं किंवा एकटं पडलेलं जनावर आपल्याला काय निववणार? ते पान्हा चोरणारच.

दिवाळीच्या पाडव्याला गवळी गल्ल्यांतून म्हशी निघतात. शिंगं रंगवलेली, अंगावर नक्षी, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसं. पुढे मालक मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसवणारा आवाज आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोबा गर्दी. नव्या माणसाला बुजणारं हेच जनावर. मालक मागे वळून एक हाक देतो. दावं नाही, वेसण नाही, आणि म्हैस शेपूट उभारून त्या गर्दीतून त्याच्यामागे सुसाट धावत सुटते.