पूर फुटात, माती बोटात

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात पावसाळा फुटात मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. त्या दिवसांत मिसळीच्या टेबलावरही दुसरा विषय निघत नाही. पण पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर जा, तिथं हिशेब बोटांचा. जांभ्या खडकावर माती जेमतेम दोन-चार बोटं. श्रावणात राडा, वैशाखात तवा.

असल्या खडकाळ पठारावरच्या, म्हणजे सड्यावरच्या, काही वनस्पतींना मरायचं सोंग झकास जमतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या. आधी माहीत होत्या फक्त ९! पान कडकडीत वाळतं आणि पाऊस आला की तेच पान पुन्हा हिरवं.

असलाच एक सोंगाड्या तुमच्या मसाल्याच्या डब्यात बसलाय: दगडफूल. ते फूल नव्हेच, बुरशी आणि शैवालाचा संसार. झाडावर असताना सुकतं, दव मिळालं की कामाला लागतं. (चटणीत कुटलेलं उठत नाही, घाबरू नका.)

आणि सीतेची आसवे? नावावर जाऊ नका. मातीत नत्र कमी, म्हणून ही नाजूक जांभळी फुलं ओल्या चिखलात बारीक फुगे लावून बसतात. किडा दाराशी आला की एका मिलिसेकंदाच्या आत गडप. पण ओल गेली की शिकारही बंद.

मग या वाळण्यात पटाईत मंडळींना तापमानवाढीची भीती कसली? खरी मेख इथंच आहे: तापमानाबरोबर पावसाची तऱ्हाही बदलते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर संशोधकांनी उन्हाळ्यात वाळवंटी शेवाळावर वरचेवर १.२ मिलिमीटरच्या बारीक सरी शिंपडल्या. एका हंगामात बहुतेक शेवाळ मेलं. पाण्यानं! भिजल्यावर आधी आतली मोडतोड दुरुस्त करायची, मग सूर्यप्रकाशावर कमाई. सर इतकी छोटी की कमाईआधीच पुन्हा वाळायची वेळ. शटर उघडून झाडलोट केली आणि भवानी व्हायच्या आत दुकान बंद. असं रोज झालं तर भांडवल संपणारच. शेवाळ गेलं, तसा मातीतल्या नत्राचा हिशेबही बदलला. २०१२ साली हे छापून आलं. तेव्हापासून वळवाचा नुसता शिडकावा झाला, की बाकी सगळे गारव्यानं खूश आणि मला मात्र सड्यावरचं शेवाळ आठवतं.

उकडलं तर वर सरकावं, हा डोंगरी झाडांचा जुना उपाय. दीडेकशे मीटर चढलं की साधारण एक अंश गारवा. पण सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, त्याच्या वर ढग. साताऱ्याच्या कास पठाराची उंची सुमारे १२०० मीटर आणि राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६. म्हणजे सगळी सोय तीनच अंशांची. तीही गाठायची तर फुलाला मध्ये अख्खा पुणे जिल्हा आडवा.