आढ्याखालची अँटेना

"आलं का?" वरून आवाज येतो.

"बासष्ट... अठ्ठावन्न... थांब, थांब... गेलं!" खाली कोचावर बसलेले बाबा टीव्हीच्या मेनूमधला सिग्नलचा आकडा मोठ्याने वाचतात.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल हे उपनगर आहे. तिथल्या एका मराठी घरात ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी हे काम चाललं आहे. मुलगा पोटमाळ्यावर वाकून अँटेना वीत-वीत सरकवतो आहे. पुण्याहून आलेल्या बाबांना हे काम नवं नाही. १९७३ साली सिंहगडावरून पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं, तेव्हा गच्चीवरची अँटेना गडाकडे फिरवताना हाच प्रश्न वरून खाली विचारला जायचा. उत्तर मात्र वेगळं असायचं. तेव्हा चित्र अंधूक व्हायचं, मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकता यायच्या.

इथे मुंग्या नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत लख्ख चित्र देतो. त्या मर्यादेच्या जरा खाली घसरला, की चित्राचे चौकोन होतात आणि पडदा काळा पडतो. म्हणून बाबा चित्राकडे बघत नाहीत, आकडा बघतात. चित्र सुरेख असतानाही ते मर्यादेच्या काठावर उभं आहे का, हे आकड्यावरूनच कळतं.

अँटेनाची निवड दुकानात जाण्याआधीच नकाशावर झाली होती. शिकागोची बहुतेक मोठी केंद्रं विलिस टॉवरवरून प्रक्षेपण करतात.  या इमारतीचं छत ४४२ मीटरवर, अँटेनांचं टोक ५२७ मीटरवर. नेपरव्हिलपासून अंतर सुमारे ४५ किलोमीटर आणि मधली जमीन सपाट. एवढ्या उंच मनोऱ्यासाठी हे अंतर फार नाही. खोक्यांवर छापलेल्या 'दीडशे मैल' या दाव्याला भुलण्याचं त्यामुळे काही कारणच नव्हतं. पृथ्वीच्या वक्रतेपुढे तो दावा एरवीही टिकत नाही. 'एचडी अँटेना' असाही काही वेगळा प्रकार नसतो. अँटेनाला फक्त लहरींची लांबी कळते.

खरी मेख त्या लांबीतच आहे. पडद्यावर दिसणारा चॅनेल क्रमांक आणि प्रक्षेपणाचा खरा क्रमांक बऱ्याचदा वेगळे असतात. एबीसी या वाहिनीचं 'सात' प्रत्यक्षात आखूड लहरींच्या यूएचएफ पट्ट्यात २२ वर आहे. २००९ मध्ये ते खऱ्याखुऱ्या ७ वरच राहिलं होतं, पण अनेक घरांतल्या अँटेनांना ते पकडता येईना आणि काही महिन्यांत केंद्राला यूएचएफवर जावं लागलं. सीबीएस या वाहिनीचं 'दोन' मात्र लांब लहरींच्या व्हीएचएफ पट्ट्यात १२ वर आहे. यूएचएफच्या लहरी साधारण अर्धा-पाऊण मीटर लांब, तर १२ क्रमांकाची लहर जवळजवळ दीड मीटर. लहान चपटी अँटेना पहिल्या सहज पकडते आणि दुसरीपुढे हात टेकते. म्हणून या घराने फुलपाखराच्या पंखांसारख्या चार जोड्या, मागे जाळी आणि व्हीएचएफसाठी वेगळा आडवा दांडा असलेली अँटेना घेतली.

ती छतावर का लावली नाही? कायद्याची आडकाठी नव्हती. स्वतःच्या घरावर टीव्हीची अँटेना लावायला सोसायटीला मनाई करता येत नाही, असा नियम १९९६ पासून आहे. छतावर सिग्नलही जास्त मिळतो. पण इथला बर्फ, वारा, विजेपासून संरक्षणासाठी करावं लागणारं अर्थिंग आणि छताला पडणारी भोकं हे सगळं आढ्याखाली टळतं. त्याची किंमत सिग्नलमध्ये मोजावी लागते. डांबरी शिंगल आणि प्लायवूड सिग्नलचा काही भाग खातात, ओलं छत आणखी खातं. छताला पत्रा किंवा आतून चंदेरी फॉइल असेल, तर जवळजवळ काहीच आत येत नाही. या घरात दोन्ही नव्हतं. मुलाने ते आधी टॉर्च लावून पाहिलं होतं.

पोटमाळ्यावर पाय फक्त तुळयांवर ठेवायचा. मधल्या इन्सुलेशनखाली जिप्समचं पातळ छत असतं आणि त्यावर पडलेला पाय थेट झोपायच्या खोलीत उतरतो. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. इन्सुलेशनमधले काचतंतू अंगाला लागले की दिवसभर खाज सुटते.

मनोऱ्याची दिशा उत्तरेपासून ७३ अंश. इथे होकायंत्र खऱ्या उत्तरेच्या चारेक अंश पश्चिमेला झुकतं, म्हणून त्यावर सुमारे ७७ वाचायचं. पहिली जागा सोयीची होती, भिंतीलगत आणि केबलच्या जवळ. यूएचएफचे सगळे चॅनेल तिथे आले, पण सीबीएस सतत तुटत राहिलं. शेजारून गरम हवेचा पत्र्याचा मोठा नळ जात होता. अँटेना दोरीने वाशाला टांगून मुलाने ती नळापासून हळूहळू दूर नेली. चार फुटांवर बाबांचा आवाज आला, "ऐंशी! हलवू नकोस!"

अॅम्प्लिफायर त्यांनी लावला नाही. केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये होणारी घट तो भरून काढतो. अँटेनाला जे मिळालंच नाही, ते त्याला आणता येत नाही. जवळच्या तगड्या सिग्नलने तो उलट गुदमरतो. आरजी-६ केबलच्या शंभर फुटांत यूएचएफचा निम्म्याहून जास्त सिग्नल जिरतो, म्हणून तार शक्य तितकी आखूड ठेवली.

स्क्रू त्या दिवशी मारले नाहीत. अँटेना आठवडाभर दोरीवरच लटकत राहिली. मंगळवारी पावसात आकडा सहाने उतरला, पण चित्र हललं नाही. पुढच्या शनिवारी ती वाशाला पक्की झाली. हे काम करायला निघालेल्यांनी तो एक आठवडा जरूर द्यावा, आणि त्यात एक तरी पावसाचा दिवस येऊ द्यावा.