आवाज मोठा, तरी शब्द का कळत नाहीत?

आपल्या फैजपूर-यावल भागात धाब्याची मातीची घरं कमी झाली, स्लॅबची आणि फरशीची घरं आली. पण आपल्या गटांच्या बैठकीत एक तक्रार वारंवार येते. उत्तरा केळकरांच्या आवाजातली बहिणाबाईंची गाणी लावली, तर चाल कळते, शब्द नीट कळत नाहीत. मग घरात कुणीतरी म्हणतं, "आजीला आता ऐकू येत नाही." कधी कधी दोष आजीच्या कानांचा नसतो, खोलीचा असतो. तो कसा, ते आज आपण समजून घेऊ.

आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. 12 फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भागही लागत नाही. फरशी, सिमेंटचा गिलावा, पत्रा, काच या वस्तू कडक. त्यांच्यावरून आवाज चेंडूसारखा उलटतो आणि खोलीभर घुमत राहतो. बोलण्यात 'आ', 'ओ' हे स्वर जोरदार असतात. 'त', 'प', 'स' हलके. आधीचा स्वर घुमत राहिला, की पुढचं हलकं अक्षर त्याखाली दबतं. आपण आवाज वाढवतो, तेव्हा घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणून शब्द काही उलगडत नाहीत.

मऊ, जाड कापडाचं वेगळं असतं. आवाज त्याच्या धाग्यांत शिरतो आणि बराचसा तिथंच जिरतो. गोधड्या, सतरंज्या, भरलेली पोती, एवढंच काय, दाटीनं बसलेल्या बायासुद्धा आवाज जिरवतात. रिकामी खोली घुमते आणि बैठक भरली की तेवढी घुमत नाही, ते यामुळेच.

आधी खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली, तर हे करून पाहा:

खाली सतरंजी अंथरा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीपुढे, चार बोटं जागा सोडून, दोरीवर जाड गोधडी टाका. पातळ पडद्यानं फारसा फरक पडत नाही.

स्पीकर कोपऱ्यातून काढा. कोपऱ्यात ढोलकीचा, डग्ग्याचा खालचा आवाज फुगतो आणि शब्द झाकतो. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा.

मोबाइल स्टीलच्या ग्लासात ठेवला, तर आवाज मोठा वाटतो, पण ग्लासाचा नाद त्यात मिसळतो. गाण्याला चालेल, माहिती ऐकायला नको.

ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना स्पीकरजवळ बसवा. जवळ बसलं की थेट येणारा आवाज घुमण्यापेक्षा वरचढ ठरतो. यात खर्च शून्य.

एक लक्षात ठेवा, गोधडीनं आपला आवाज शेजारी जायचा थांबत नाही. रात्री तो कमीच ठेवावा.

एवढं करूनही आजीला शब्द कळले नाहीत, तर कान जरूर तपासून घ्या. पण "ऐकू येत नाही" असा शिक्का मारण्याआधी खोलीत एक टाळी वाजवून पाहा.