कलम 41-जी : सुरक्षा समितीत कामगाराचा शब्द

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात विषारी वायूची गळती यंत्राआधी कामगारांच्या डोळ्यांना कळत असे. डोळे चुरचुरू लागले की कुठेतरी गळतंय, हे नेहमीचंच झालं होतं. 1982 मध्ये तिथल्या कामगार संघटनेने धोक्याचा इशारा देणारी पत्रकं शहरात लावली. त्यानंतरही एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) या विषारी रसायनाच्या विभागातली माणसं निम्म्यावर आली आणि 1984 च्या मध्यापासून त्याची टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद राहिली. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसांना निर्णयाच्या टेबलावर जागा नव्हती. 2-3 डिसेंबर 1984 च्या वायुकांडाच्या रात्रीनंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 41-जी आलं : जिथे धोकादायक प्रक्रिया चालते, त्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. पाठोपाठच्या 41-एच कलमाने, जिवाला धोका दिसला तर थेट मालकाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला दिला. कागदावर ही मोठी झेप होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी समिती तिमाहीला एकदा जमते, चहा होतो, इतिवृत्तावर सह्या होतात आणि मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात पोस्टर स्पर्धा होते.

दोष समितीच्या कल्पनेत नाही. खुर्ची दिली, पण शब्दाला वजन दिलं नाही, हे खरं दुखणं. पॉवर प्रेसचंच घ्या. डायखाली बोटं जाऊ नयेत म्हणून तिला दोन बटणं असतात; दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. आता एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं दिसलं, तर अपघाताच्या चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून फाईल बंद करता येते. कामगारच नियम मोडतात, मग त्यांना काय विचारायचं, हा आक्षेप इथूनच येतो. पण पट्टी का लावली? तासाला इतके नग काढायचेच, असं टार्गेट असतं आणि दोन हातांनी ते पुरं होत नाही, म्हणून. सुपरवायझरलाही हे दिसत असतं. हे कारण बाहेरच्या तज्ज्ञाच्या तपासणी-यादीत उतरत नाही; ते प्रेसवर उभा असलेला माणूसच सांगू शकतो, तेही सांगितल्याने नोकरी जाणार नाही याची खात्री असेल तर. रिअ‍ॅक्टरमधला दाब किती असावा हे इंजिनिअरनेच ठरवावं. पण त्याचा व्हॉल्व्ह रात्रपाळीत अडकतो, हे ऑपरेटरकडूनच कळायला हवं.

दुसरी भीती उत्पादनाची : काम थांबवण्याचा हक्क दिला की युनियन ऊठसूट काम बंद पाडेल. स्वीडनमध्ये कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला 1970 च्या दशकापासून, जिवाला तातडीचा धोका असेल तर निरीक्षक येईपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार आहे आणि तिथला उद्योग काही बसला नाही. ब्रिटनमध्ये 1977 च्या नियमांनी मान्यताप्राप्त संघटनांना सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. तिथल्या कारखान्यांच्या 1995 सालच्या एका अभ्यासात, जिथे समितीत संघटनेने नेमलेले प्रतिनिधी होते तिथे दुखापती कमी दिसल्या; व्यवस्थापन एकट्याने ठरवत होतं तिथे जास्त. समिती असणं आणि तिच्यात कामगारांनी निवडलेला माणूस असणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे 41-एचने इशारा देता आला, हात थांबवता आला नाही. धोका खरा आहे की नाही, हे आधी मालकाने ठरवायचं. त्याला पटलं नाही तर शेवटचा शब्द निरीक्षकाचा.

आणि कंत्राटी कामगार? अनेक कारखान्यांत जोखमीचं काम त्यांच्याच वाट्याला येतं, समितीत मात्र कायम कामगार बसतो. डोंबिवलीत 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. अशा औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने एकमेकांना खेटून उभे असतात आणि तिथे संघटना औषधालाही सापडत नाही. कारखाना कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 22 मध्ये समितीवरचे कामगार प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, एवढी अट टिकली. पण समिती कुठे हवी, हे आता सरकारच्या आदेशावर सोपवलं आहे. भोपाळने शिकवलेल्या गोष्टीपासून ही पीछेहाट म्हणावी लागेल. राज्य सरकारने असा आदेश काढताना धोकादायक प्रक्रियेच्या लहान कारखान्यांना वगळू नये आणि समितीत कंत्राटी कामगारांची जागा नावानिशी राखावी.